खुडूक

"या, बसा," घोंगडीतला माणूस म्हणाला, पण स्वतः जागचा हलला नाही.

चैत्र सरत आला होता. गाडीतून उतरल्यावर गोंदवडीच्या वाटेवरचा फुफाटा वहाणेतूनही चटके देत होता, आणि हा बाबा भर दुपारी सोप्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून, गळ्यापर्यंत काळी घोंगडी ओढून बसला होता. माझ्याबरोबर तात्या होते, माझे चुलते. दारात पाहुणा आला की घरच्या गड्यानं उठावं, पायांवर पाणी द्यावं, हात जोडून रामराम करावा, ही आमच्याकडची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. यानं रामराम घातला तो नुसती मान हलवून. हात काही घोंगडीबाहेर आले नाहीत.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड बंद होतं, पण मिशा बोलत होत्या.

तो माणूस म्हणजे केरबा साळुंखे. माझी धाकटी बहीण सुंद्रा, तिच्यासाठी आम्ही त्याला पाहायला गेलो होतो. बोलणं मध्यस्थानं आधीच घातलं होतं, पण आम्ही सांगावा न धाडता आणि ऐन दुपारी गेलो होतो, तेही मुद्दामच.

स्थळ तसं नाव ठेवण्याजोगं नव्हतं. विहिरीखालची जमीन, एकुलता एक मुलगा, घरात फक्त आई. लढाईत आफ्रिकेला गेला, तिथं पकडला जाऊन इटलीत कैदेत पडला आणि तिथूनही जिवंत परत आला. इतकं असून तिशी गाठली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. पंचक्रोशीत त्याचं नावच पडलं होतं, 'दुपारचा बसणारा'. सकाळी हा गडी दोघांचं काम ओढतो, तिसऱ्या प्रहरी पुन्हा उभा राहतो, पण सूर्य डोक्यावर आला की बसतो. उन्हाळ्यात दुपारी कोण नाही बसत? पण हा ऐन सुगीत बसायचा, पेरणीतही बसायचा. झोपायचा नाही, बोलायचा नाही, नुसता बसायचा, आणि मग बैल सुटून शेजाऱ्याच्या पिकात शिरला तरी उठायचा नाही.

आमच्या घरात हे एवढं कारण पुरेसं होतं. कारण आमचे वडील आळशी होते. हे मी म्हणत नाही, सगळं गाव म्हणायचं, आणि आई तर उठताबसता म्हणायची. मला ते आठवतात ते सोप्यावर बसलेलेच. घरचं, रानचं, जनावरांचं सगळं आईनं केलं. एका साली गडी मिळाला नाही तेव्हा तिनं नांगरही धरला. बाईनं नांगर धरणं म्हणजे आमच्याकडे केवढा अधर्म, हे वेगळं सांगायला नको. लोक पाऊस लांबला की तिचं नाव घ्यायचे. वडील गेले तेव्हा ती रडली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढायला गोठ्यात होती.

निघताना तिनं मला बजावलं होतं, "आबा, आंधळा चालंल, लंगडा चालंल, घरात खायाला नसंल तरी चालंल. पर आळशी नगं. माझ्या लेकीच्या हातात मला नांगर बघायचा न्हाई." मी तालुक्याला शाळामास्तर होतो, वडिलांमागं घरातला कर्ता होतो. हो म्हणायचं की नाही, हे माझ्यावर होतं.

केरबाची आई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली. पाहुण्यांना बघून तिचा चेहरा उतरला. लेकाकडं एक डोळा, आमच्याकडं एक डोळा अशी ती उभी राहिली.

"त्येला जरा कणकण हाय," ती म्हणाली. "म्हनून उठला न्हाई. राग मानू नगा."

"ताप व्हय?" तात्या म्हणाले. "मग आदी का न्हाई सांगितलं? बघू नाडी."

तात्यांना नाडी कळते असं तात्यांचं मत होतं. गावात ते बैलाचीही नाडी बघत. ते हात पुसत पुढं झाले, तशी म्हातारी तांब्यासकट आडवी आली.

"नगं, नगं. ताप न्हाई तसा."

"मग काय हाय?"

म्हातारीनं क्षणभर लेकाकडं पाहिलं. मग घटाघटा पाणी प्यावं तसं एका दमात बोलून टाकलं, "आळस हाय त्येचा. दुसरं काय न्हाई. आळशी हाय माझा पोरगा."

आम्ही दोघंही गार. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली होती; आळशी मुलाला कामसू म्हणणाऱ्या आया तर घरोघर. पण इथं वरमाय होऊ बघणारी बाई स्वतःच्या तोंडानं पोराचं वाटोळं करत होती.

"साठी उलटली माझी," तात्या म्हणाले, "पर असलं इपरीत ऐकलं न्हवतं. आबा, मी लिंबाखाली बसतो. बैलं निवली की जाऊ." आणि ते मागं न बघता बाहेर पडले.

मीही निघणारच होतो. पण म्हातारी म्हणाली, "ताक तरी घोटभर घ्या, उन्हाचं आलाय," आणि आत गेली. तशा घरातून ताक न पिता निघणं बरं दिसेना, म्हणून मी बसलो. केरबा माझ्याकडं बघत होता. चेहरा रापलेला, डोळे मात्र शांत. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते आणि ते पुसायलाही तो हात काढत नव्हता.

तेवढ्यात मला बारीक आवाज आला. चिव. मग थोड्या वेळानं पुन्हा.

"ऐकलं का, मास्तर?" केरबा हळूच म्हणाला. "बोललं."

"कोण बोललं?"

त्यानं घोंगडीची कड जराशी वर केली. आत धोतराच्या घोळात, उघड्या पोटाशी, दोन्ही हातांच्या ओंजळीत अंडी होती. एकाला टोकाशी बारीक छेद गेला होता आणि त्यातून काहीतरी ओलं हलत होतं.

"काल पाटंच मुंगसानं कोंबडी नेली," तो म्हणाला. "खुडूक बसल्याली. अंडी उबत आल्याली, आतनं टोच मारायची सुरू झाल्याली. आता गार पडली तर आतल्या आत मरत्याल. म्हनून बसलोय."

ताकाचा पेला घेऊन आलेली म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली. "दावलंस?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाव्हनं, आळशी म्हनून लोक हसत्यात ते परवडलं हो. आळशी गडी गावात धा असत्यात. पर अंड्यावर बसलाय म्हनल्यावर काय उरंल ह्येचं? शिपाई गडी ह्यो. लढाईवरनं आल्याला. लोक ह्येला खुडूक कोंबडी म्हनत्याल, पोरं मागं लागत्याल."

मला हसू आवरेना. पण त्याहून जास्त मला हायसं वाटलं. इतकं हायसं की ताक एका घोटात संपवून मी उठलो आणि तात्यांना हाक मारायला निघालो. आईला काय सांगायचं ते माझ्या मनात तयार झालं होतं. आळशी माणूस कुठं मुक्या जिवासाठी असा घामात भिजत बसतो? प्रश्न सुटला होता.

"बसा, मास्तर," केरबा म्हणाला. "तुमी काय समजलाय ते मला कळलं. पर तसं न्हाई. आज अंडी हायती म्हनून बसलोय. परवा अंडी कोंबडीखाली हुती. परवा बी बसलो हुतो."

मी पुन्हा टेकलो.

"लोक म्हनत्यात ते खोटं न्हाई," तो म्हणाला. "तुमास्नी पोरगी द्यायची हाय. फसवून घ्यायची न्हाई मला."

"कशासाठी बसता मग?" मी विचारलं.

त्यानं घोंगडीची कड पुन्हा सारखी केली. हा प्रश्न त्याला नवा असावा. म्हातारी म्हणाली, "दोनदा बादली वतली म्या अंगावर. खुडूक कोंबडीला पान्यात बुचकाळलं की उतरतो ना खुडूक, तसं वाटलं. भिजला आन तसाच बसून ऱ्हायला."

मग केरबानं सांगितलं. सांगताना त्याचं लक्ष सगळं ओंजळीकडं होतं, त्यामुळं दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसा तो बोलत होता.

इटलीत डोंगरातल्या एका छावणीत हे लोक कैदी होते. मग तिथल्या सरकारनं हत्यार टाकलं, पहारेकरी पळाले, दारं उघडी पडली आणि कैदी वाट फुटेल तिकडं गेले. पाठोपाठ जर्मन आले ते त्यांना हुडकत. केरबाला डोंगराच्या उतरणीवरच्या एका मळ्यात आसरा मिळाला. मालकीण विधवा म्हातारी, आसुंता तिचं नाव. तिनं कोंबड्यांच्या खुराड्यात एक खड्डा काढला, त्यात केरबाला निजवायचं, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर पेंढा, आणि पेंढ्यावर खुडूक कोंबडी, अंड्यांसकट.

"जर्मन यायचं ते दुपारचंच," केरबा म्हणाला. "जेवायच्या येळंला समदी घरात सापडत्यात म्हनून. कोंबड्या न्यायचं, अंडी न्यायचं, डुकरं न्यायचं. पर खुडूक कोंबडीच्या अंड्याला कोन हात लावनार? फोडलं तर आत अर्धं पिल्लू. एकदा एकानं घातला हात, तर तिनं अशी टोच मारली त्येला. त्यो हसला आन गेला. मी खाली. फळीच्या फटीतनं तिची ऊब लागायची मला."

"मग सुटलात की तुम्ही."

"मी सुटलो. शेजारच्या मळ्यात माझ्या पलटनीतलं दोघं लपल्यालं. एक कडेगावचा. त्याच दिशी त्यास्नी वढून काडलं अंगनात. मला समदं ऐकू येत हुतं. कडेगावचा आपल्या भाषेत वरडत हुता, कुनी हाय का म्हनून." केरबानं एक अंडं अलगद फिरवलं. "मी हललो न्हाई. हललो असतो तर मी बी गेलो असतो आन म्हातारी बी. ह्ये समदं खरं हाय. पर हललो न्हाई."

केरबाच्या आईनं पदर तोंडाला लावला. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, ते तिच्याकडं बघूनच कळत होतं.

"जर्मन गेल्यावर बी मला उठाया यायचं न्हाई," केरबा म्हणाला. "तिथल्या म्हातारीची सून करवादायची. पिग्रो म्हनायची. आळशाला तिकडं पिग्रो म्हनत्यात, छावनीत पहारेकरी बी हीच शिवी घालायचं. म्हातारी म्हनायची, ह्यो पिग्रो न्हाई. ह्येला आब्बियोक्को झालाय."

"म्हणजे?"

"त्या मुलखात खुडूक कोंबडीला बियोक्का म्हनत्यात. दुपारचं जेवल्यावर मानसाचं हातपाय गळालं, डोळं जड झालं, की आब्बियोक्को आला. म्हंजे मानूस खुडूक झाला. आळसच की त्यो. पर पिग्रो म्हनलं की शिवी, आन ह्यो शब्द म्हनताना समदी हसायची. म्हातारी सुनंला म्हनायची, खुडूक कोंबडीला कुनी आळशी म्हनतं का? ती उठली तर आतलं मरतं."

"आणि तुम्ही काय उबवताय?" मी मास्तरकीच्या सवयीनं विचारून गेलो.

"उबवायचं काय न्हाई, मास्तर," केरबा म्हणाला. "हललो तर कायतरी मरंल असं वाटतं. एवढंच हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या भनीला ह्ये सांगा. बरं हुईल असं मातुर सांगू नगा. हुईल का न्हाई, मलाच ठावं न्हाई."

पुढं पुष्कळ वर्षांनी पुण्यात इटालियन शिकवणाऱ्या एका बाईंना मी या शब्दाचं विचारलं. त्या म्हणाल्या, शब्द खरा आहे, मूळचा त्या देशाच्या मधल्या भागातल्या बोलीतला. आता सगळ्या देशात चालतो. रविवारी पोटभर जेवून माणसं खुर्चीत कलंडली की म्हणतात, आला अब्बियोक्को. त्यात कोंबडी आहे हे आता तिथंही फार जणांना माहीत नसतं. बाई हसून म्हणाल्या, आपण सुस्ती म्हणतो ना, तीच. मी मान डोलावली. केरबाची गोष्ट काही मी त्यांना सांगितली नाही.

परतीच्या वाटेवर तात्यांना मात्र सगळं सांगितलं. अंड्यांचं ऐकून ते इतके हसले की बैल थांबले. "चांगलं हाय की," म्हणाले, "असला जावई असला की कोंबडी पाळायला नगं." मग पुढचं ऐकलं आणि हसायचे थांबले. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "मानूस खरा हाय. पर पोरगी खऱ्याला द्यायची नसती, उभं ऱ्हानाऱ्याला द्यायची असती. न्हाई म्हनून कळव."

दिवेलागणीला आई सोप्यावर सुपात ज्वारी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, काही न गाळता. सुंद्रा दाराआड उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मधूनमधून येत होता.

"म्हंजे बसतो," सगळं ऐकून आई म्हणाली.

"बसतो."

"मग न्हाई. तुझा बाप बी आदी दुपारचाच बसायचा. मग सकाळचा बी बसाया लागला." सूप पुन्हा वाजायला लागलं.

खरं सांगायचं तर मला केरबा आवडला होता, आणि बहिणीसाठी मला त्याची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम खरं होतं, आणि त्यातलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नव्हतं.

सुंद्रा दारातून बाहेर आली. लग्नाच्या बोलण्यात मुलीनं असं पुढं येणं रीतीला धरून नव्हतं, पण ती आली. "दादा," ती म्हणाली, "त्येंना कुनी इचारलं हुतं का आदी? का बसता म्हनून?"

"नाही. आज मी विचारलं ते पहिल्यांदाच. त्याच्या आईनंही नव्हतं विचारलं. ती बादली ओतायची."

आईचा हात थांबला. सूप तिच्या मांडीवर तसंच तिरपं राहिलं आणि त्यातली ज्वारी थोडी थोडी खाली सांडत राहिली. ती उचलायचं तिला सुचलं नाही.

"मानमोडीची साथ आली हुती," थोड्या वेळानं ती म्हणाली. आमच्याकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं. "आबा, तुझ्या बी जन्माआदी. तुझं दोन चुलतं गेलं. मग तुमची थोरली भन गेली. चालाया लागल्याली. गावात खांदा द्यायला मानूस ऱ्हायलं न्हवतं, तात्या बी अंथरुनाला खिळल्यालं. समदी तुमच्या बापानं एकट्यानं न्हेली. पोरीला तर काखंत घेऊन गेला, जत्रंला न्हेल्यावानी."

आम्हाला थोरली बहीण होती, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी सुंद्राकडं पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? समद्यांचीच मेली हुती. समदी परत रानात गेली. ह्यो बसला."

"तू नाही विचारलंस त्यांना कधी?"

"म्या कशाला इचारू?" आई एकदम तडकली. मग तिचा आवाज खाली आला. "पोरगी माझी बी हुतीच की. कुनी इचारलं असतं, तर म्या बी बसले असते. मग घरात उठलं कोन असतं?"

सुंद्रा खाली बसली आणि सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. गोळा करता करताच म्हणाली, "मला चालंल, दादा. तसं कळवा त्यास्नी." आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. वैशाखात लग्न झालं.

आई लेकीच्या घरी जायला लवकर तयार होईना. घरात कुणी बघायला नाही, म्हैस व्यायली आहे, असली कारणं सांगायची. दिवाळी उलटून गेल्यावर सुंद्राला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा कुठं गेली. चार दिवसांनी तिला आणायला मी गोंदवडीला गेलो.

पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. आमच्याकडं सासू जावयासमोर बसत नाही. डोक्यावरून पदर ओढून दाराआडून बोलायचं, जावई सोप्यावर असला की आपण माजघरात राहायचं. आईसारखी जुनी बाई तर जावयाची सावलीसुद्धा ओलांडणार नाही. मी अंगणात पाय ठेवला तर सोप्याच्या कोपऱ्यात केरबा भिंतीला टेकून बसला होता. आणि त्याच भिंतीला टेकून, हातभर अंतरावर, आई बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरला होता. दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते, आणि हातात निवडायला, पाखडायला, शिवायला काही म्हणजे काही नव्हतं. दारातून सुंद्रानं मला खूण केली, हाक मारू नका म्हणून.

पण मला राहवलं नाही. जवळ जाऊन मी हळूच विचारलं, "आई, काय करतीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, पण नजर कुठं लांबून परत येत होती.

"काय न्हाई," ती म्हणाली. "बसलीया."